सॅक्सोफोन आणि वेदी

ब्राझ गोन्साल्विस या गोव्याच्या सॅक्सोफोनवादकाचे नाव ख्रिस्ती कुटुंबांत निघते, तेव्हा ते बहुधा एका मनपरिवर्तनाची कथा म्हणून निघते. मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांतील रात्री संपल्या, वादकाला प्रभू भेटला आणि उत्तरायुष्यात त्याने आपले वाद्य भक्तिगीतांना वाहिले. कथा खरी आहे. मात्र ती सांगताना आपण त्यांच्या मधल्या काळातील संगीत ऐकतच नाही. जणू ते केवळ परतण्यासाठी मागे टाकावयाचे एक गाव होते.

गोन्साल्विस मूळचे नेवऱ्याचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून 'मेस्त्री' मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. हेतू मिस्सेसाठी गायक-वादक तयार करण्याचा होता. पण याच शिदोरीवर गोव्याच्या कित्येक पिढ्यांनी परगावी नृत्यगृहांत आणि सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत पोट भरले. गोन्साल्विस यांच्या पत्नी, गायिका इव्हॉन, या चिक चॉकलेट यांच्या कन्या. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात सी. रामचंद्र यांच्या संगीतामागे ज्यांच्या ट्रम्पेटची धमक होती, तेच हे चिक चॉकलेट. म्हणजे मंदिरातील आणि नृत्यगृहातील संगीत ही दोन घरे आपण समजतो तितकी दूर कधीच नव्हती. मधली भिंत श्रोत्यांनी बांधली. वादक मात्र दोन्हीकडे ये-जा करीत राहिले.

कलकत्त्यात पार्क स्ट्रीटवरच्या 'ब्लू फॉक्स'मध्ये लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्यासह गोन्साल्विस वाजवीत. समोर जेवणारी मंडळी असत आणि त्यांना ओळखीच्या चाली हव्या असत. अशा जागी प्रयोग करणे म्हणजे यजमानाच्या ताटात न मागितलेला पदार्थ वाढण्यासारखेच. तरीही १९७० च्या सुमारास 'रागा रॉक' ही त्यांच्या सप्तकाची ध्वनिमुद्रिका निघाली. खाली रॉकचा ठोका, वर रागाच्या स्वरांवर फिरणारा सॅक्सोफोन.

हा प्रयोग कितपत साधला? आम्ही माधवनगरची माणसे या बाबतीत थोडी हट्टी आहोत. जवळच मिरजेत तंबोरे घडतात. अब्दुल करीम खाँसाहेब तेथेच विसावले आहेत. जवारी नीट लागेपर्यंत कारागीर तार पुन्हापुन्हा छेडून पाहतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला स्वरांची यादी म्हणजे राग असे वाटत नाही. राग चलनात असतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या रीतीत असतो. सॅक्सोफोनला चाव्या आहेत, त्यामुळे स्वरांच्या पायऱ्या ठरलेल्या. मींड काढावयाची तर ओठांच्या दाबाने पत्तीवर सूर वाकवावा लागतो. कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनी कर्नाटक संगीतासाठी या वाद्याच्या चाव्यांतच फेरफार केले. गोन्साल्विस मात्र जाझचे वादक. रागाकडे ते पाहुणा म्हणून गेले. म्हणून 'रागा रॉक'मध्ये मला राग पुरता सापडत नाही. सापडते ते एका गोमंतकीय ख्रिस्ती वादकाचे कुतूहल. ज्या देशाचे संगीत त्याला त्याच्या शाळेने शिकविले नाही, त्याचे दार तो स्वतः ठोठावीत आहे. माझ्या लेखी निर्दोष नकलेपेक्षा हे मोठे आहे.

हा शोध एकट्या त्यांचा नव्हता. कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयर यांनी इंग्लंडात जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकासह 'इंडो-जाझ सुइट' १९६६ मध्येच सादर केले होते. पुढे न्यूयॉर्कच्या जॉन झॉर्न यांनी तर १९८९ मध्ये ऑर्नेट कोलमन यांच्या जाझरचना पंकच्या वेगात आणि आरडाओरडीत वाजविल्या. (पंक म्हणजे १९७० नंतरच्या दशकात उसळलेले, मोजक्या स्वरसंगतींवर उभे असलेले संतप्त तरुणांचे संगीत. आमच्या वयाच्या माणसाने ते हळू आवाजात ऐकावे.) वाद्य तेच ठेवून घर बदलत राहणारे वादक सर्वत्र आहेत. फरक एवढाच की, झॉर्न यांना कोणी 'आता कोठे परतलात?' असे विचारीत नाही.

आपण विचारतो, आणि यात आपला इतिहास आहे. दहाव्या पायस यांनी १९०३ मध्ये मंदिरात पियानो निषिद्ध ठरविला. ढोल-झांजांसारखी वाद्येही त्याच ओळीत बसविली. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेच्या दस्तऐवजात नेमके उलट दार उघडले: मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे. 'रागा रॉक' त्यानंतर सातेक वर्षांनी आले. काळ जुळला होता, पण भेट झाली नाही. आपल्या मंदिरांत तबला-पेटी आली, भजने आली, आणि चाली ठरून गेल्या. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी निवडली ती गाता येते म्हणून. आपण ती ग्रंथात ठेवली. गोन्साल्विस वाद्य घेऊन वेदीकडे आले तेव्हा आपण वाद्य आनंदाने स्वीकारले, स्तोत्राची चाल त्यांच्या हाती दिली, आणि त्यांची शोधकवृत्ती बाहेर पादत्राणांपाशी ठेवावयास सांगितली. त्यांनी तक्रार केली असे नाही. भक्तिगीत वाजविण्यात त्यांना खरे समाधान लाभले असेल, आणि ते कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. माझी तक्रार आपल्याविषयी आहे.

कारण शब्दांवाचून वाजणाऱ्या सुराला उपासनेत जागा नाही, हे मत परंपरेचे नव्हे. संत ऑगस्टिन एका स्तोत्रावरील प्रवचनात सांगतात की, पिकाच्या कापणीत किंवा द्राक्षमळ्यात काम करणारी माणसे गीताच्या शब्दांनी सुरुवात करतात. आनंद मावेनासा झाला की अक्षरे सोडून देतात आणि नुसत्या सुराने गातात. जो शब्दांत सांगता येत नाही, त्या देवासाठी हेच गाणे शोभते, असे ते म्हणतात. तासगावच्या द्राक्षमळ्यांशेजारी राहणाऱ्या आपल्याला हा दाखला समजावून सांगावा लागू नये. पुढच्या उत्सवात एखाद्या मुलाने प्रसादग्रहणानंतर सॅक्सोफोन उचलला आणि ठरलेली चाल संपल्यावरही तो थांबला नाही, तर त्याला खूण करून खाली बसविण्यापूर्वी मी तरी जरा वेळ ऐकेन.