पुन्हा मिळणारे आयुष्य

फरहान अख्तर यांनी २००१ साली ‘दिल चाहता है’मध्ये तीन मित्रांना मोटारीत बसवून गोव्याला नेले. दहा वर्षांनी त्यांच्या भगिनी झोया अख्तर यांनी अशाच तिघांना स्पेनला नेले. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा त्यांचा चित्रपट जुलै २०११मध्ये प्रदर्शित झाला. त्यास आता दशकाहून अधिक काळ लोटला. तरी आमच्या धर्मग्रामातील लग्नाच्या वयाची मुले तो अजून आवडीने पाहतात आणि त्याचे शीर्षक म्हणीसारखे वापरतात. ज्या शीर्षकाची म्हण होते, त्याचा अर्थ एकदा तपासून पाहणे योग्य होय.

कथा थोडक्यात अशी. कबीरचा (अभय देओल) विवाह ठरला आहे. त्यापूर्वी तो, लंडनमध्ये पैशांच्या उलाढालीत गढलेला अर्जुन (हृतिक रोशन) आणि जाहिरातींचा मजकूर लिहिणारा इम्रान (फरहान अख्तर) हे शाळासोबती तीन आठवड्यांच्या सहलीस निघतात. अट एकच: प्रत्येकाने धाडसाचा एक खेळ निवडायचा आणि इतर दोघांनी तो बिनतक्रार खेळायचा. बार्सिलोनाहून निघून ते कोस्टा ब्राव्हाच्या समुद्रात बुडी मारतात, बुन्योल गावी टोमॅटोंच्या रंगपंचमीत न्हातात, सेव्हिलच्या परिसरात विमानातून उडी घेतात आणि अखेर पाम्प्लोना येथे बैलांपुढे धावतात.

चित्रपटाचे गुण उघड आहेत. झोया अख्तर व रीमा कागती यांच्या पटकथेत थट्टामस्करी भरपूर आहे आणि ती जुन्या मित्रांनाच शोभेल अशी, थोडी बोचरी आहे. कार्लोस कातालान यांच्या कॅमेऱ्याने स्पेनचे ऊन डोळ्यांत साठवून दिले. ‘सेन्योरिटा’ या गीताच्या नृत्यरचनेस राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तोही यथायोग्यच. इम्रानच्या तोंडी घातलेल्या जावेद अख्तरांच्या कविता कथेला श्वास घ्यायला जागा देतात.

दोषही आहेत. स्पेनच्या पर्यटन खात्याचे साहाय्य या निर्मितीस होते आणि ते जाणवते. स्पॅनिश माणसे बहुधा पार्श्वभूमीपुरती येतात. टोमॅटोंचा सण ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असतो आणि बैलांची धाव ७ ते १४ जुलै या काळात. चित्रपटात आधी टोमॅटो आणि मग बैल, तेही तीन आठवड्यांत! सहलीला निघालेल्यांनी पंचांग पाहू नये, असा दिग्दर्शिकेचा दंडक असावा. ही थट्टा सोडून देऊ. आमचा मुख्य आक्षेप अन्यत्र आहे.

चित्रपटाचे सूत्र असे, की भय हेच माणसाचे बंधन आहे आणि मृत्यूच्या जवळ गेल्यावर ते तुटते. अर्जुनला पाण्याचे भय. बुडी मारून तो वर येतो आणि नि:शब्दपणे रडतो. हा प्रसंग हृतिक रोशन यांनी फार संयमाने वठवला आहे. परंतु हेच सूत्र पुढे सर्वत्र लावण्यात आले, तेव्हा ते अपुरे पडले. कबीरचेच पाहा. आईच्या वाढदिवसासाठी घेतलेली अंगठी नताशा (काल्की केकलां) आपली समजते आणि हा भला माणूस गप्प राहतो. त्या गप्प राहण्यातून साखरपुडा होतो. नताशाला संशयी रंगवून लेखिकांनी त्याची सुटका सोपी केली. वस्तुतः अन्याय तिच्यावरही होत होता. नको असलेल्या होकारावर तीही आपला संसार उभारणार होती.

हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरातला आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विवाह घडतो तो दोघांच्या मुक्त संमतीने, आणि त्या संमतीची जागा कोणतीही मानवी सत्ता घेऊ शकत नाही. म्हणूनच विवाहापूर्वी आम्ही वधूवरांना वेगवेगळे बसवून विचारतो. हॉल ठरलेला असतो, पत्रिका छापून आलेल्या असतात आणि समोरचा तरुण मान खाली घालून ‘हो फादर’ म्हणतो. कबीर त्या रांगेतलाच आहे. त्याला खरे बोलण्यासाठी पाम्प्लोनाचे बैल लागले. आमच्या मुलांना घरात ऐकून घेणारे एक माणूस पुरेसे व्हावे.

पाम्प्लोनाविषयी थोडे. ही धाव सुमारे ८७५ मीटरांची. सकाळी आठच्या ठोक्याला ती सुरू होते आणि त्यापूर्वी धावणारे लोक संत फर्मिनच्या मूर्तीपुढे तीन वेळा गाऊन त्याचे संरक्षण मागतात. गळ्यातला लाल रुमाल ही त्याच्या रक्तसाक्षित्वाची खूण मानतात. चित्रपटाचे लक्ष या गाण्याकडे नाही, शर्यतीकडे आहे. याच नगरीत १५२१ साली तोफेच्या गोळ्याने इग्नाती लोयोला घायाळ झाला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या आयुष्याचा फेरविचार करू लागला. येथून सुमारे ५० किलोमीटरांवरील झेवियरच्या गढीत १५०६ साली जन्मलेला फ्रान्सिस पुढे पॅरिसच्या विद्यापीठात मोठेपणाची स्वप्ने पाहत होता. तेथे इग्नातीने त्याच्या मनात प्रश्न पेरला आणि १५४२ साली तो गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. निवृत्तीनंतर जगू म्हणणाऱ्या अर्जुनला लैला (कतरिना कैफ) जो प्रश्न विचारते, तो त्याच जातीचा आहे. मात्र तिचे उत्तर स्वतःच्या आनंदापाशी थांबते.

चित्रपटाचा खरा कळस मात्र बैलांच्या वाटेवर नाही, एका चित्रकाराच्या घरात आहे. इम्रान आपल्या जन्मदात्यास, सलमान हबीबला, प्रथमच भेटतो. नसिरुद्दीन शाह यांनी हा बाप खलनायक केला नाही, हे त्यांचे मोठेपण. तो आपली बाजू शांतपणे मांडतो. पितृत्वाची जबाबदारी त्याला नकोच होती. त्या शांतपणात मुलाला हवे असलेले काहीच नसते. आणि येथे इम्रानला स्वतःचा चेहरा दिसतो. चार वर्षांपूर्वी त्याने अर्जुनच्या प्रेयसीशी संबंध जोडून मैत्रीचा घात केला होता आणि त्याबद्दल वरवरची दिलगिरीच तेवढी व्यक्त केली होती. आता तो मित्रापाशी येऊन मनापासून क्षमा मागतो आणि अर्जुन त्याला कवेत घेतो. या प्रसंगाला समुद्र, आकाश वा बैल लागत नाहीत. आपल्या अपराधाचे नाव घेणे आणि दुसऱ्याने ते ऐकून जवळ करणे, एवढेच घडते. पापनिवेदनाच्या जाळीपाशी बसणाऱ्यास हे दृश्य परके वाटत नाही.

म्हणून शीर्षकाशी आमचे भांडण आहे. आयुष्य पुन्हा मिळत नाही, असे चित्रपट सांगतो; पण त्याच्या सर्वांत सुंदर प्रसंगात अर्जुन व इम्रान यांना चार वर्षांपूर्वी मेलेली मैत्री पुन्हा मिळते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप हेच म्हणतो. पालकांनी हा चित्रपट मुलांबरोबर बसून जरूर पाहावा आणि मग बैलांविषयी नव्हे, त्या दोघांविषयी त्यांना विचारावे.