ग्रंथांतील स्वयंपाकघर

आमच्या मंडळाच्या वाचनालयाची नवी सूची करण्याचे काम गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे आले. दिवसभर फायलींवर टिपणे लिहिणाऱ्या माणसाला सूची जड जाणार नाही, असा कार्यकारिणीचा समज असावा. कपाटे उघडली, तेव्हा पाकशास्त्राची पुस्तके ज्योतिष व आरोग्य यांच्या शेजारी, सर्वांत खालच्या फळीवर आढळली. 'ते काही वाङ्मय नव्हे,' असे एका ज्येष्ठ सभासदांनी मला बजावले. त्यांच्याशी वाद घालण्याचे माझे वय नाही. पण त्या फळीवरील 'रुचिरा'ची पाने हळदीने आणि तेलाने पारदर्शक झालेली आहेत. वाचकाने ग्रंथावरचा अभिप्राय याहून स्पष्ट कोठे नोंदवावा?

मराठीत पाकशास्त्रावर छापील पुस्तके होऊ लागल्याला आता दीडशे वर्षे होत आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. पुढे लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' लिहिले. परंतु कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरे'ने १९७० साली जे केले, त्याची सर कशालाच नाही. त्यांनी वाटी आणि चमचा हे माप धरले. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. आपल्याकडे पाककला 'अंदाजा'ने शिकविली जाई. आणि अंदाज शिकावयाचा तर शिकविणारीच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहावे लागते. मुलगी दिल्लीस आणि मुलगा गुवाहाटीस गेला, म्हणजे अंदाज त्यांच्याबरोबर प्रवास करीत नाही, वाटी करते. माझ्या पहिल्या बदलीत मी आमटी शिकलो ती याच पुस्तकावरून, आणि ती आमटी आमच्या घरच्यासारखी झाली नाही तरी आमटीसारखी झाली होती.

या पुस्तकांच्या भाषेकडे मात्र कोणी लक्ष दिलेले माझ्या पाहण्यात नाही. 'कांदा चिरावा', 'डाळ शिजवून घ्यावी', 'मंद आचेवर परतावे': सारी क्रियापदे विध्यर्थी. कार्यालयीन आदेशांची भाषा हीच असल्यामुळे ती माझ्या कानांना चटकन् ओळखू आली. या वाक्यांत कर्म आहे, क्रिया आहे, कर्ता मात्र नाही. पाणी कोणी भरले, राख कोणी काढली, पाने वाढून झाल्यावर पातेल्यात काय उरले, हे पाककृतीत येत नाही. ते तिचे कामच नव्हे, हे मान्य. पण कर्ता शोधावयाचा तर दुसरी फळी गाठावी लागते.

ती फळी आत्मचरित्रांची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. ती विनोदासाठी वाचली जातात आणि तसे वाचण्यात गैर काही नाही. पण ती स्वयंपाकघराच्या दृष्टीने वाचून पाहावी. आरंभीच त्यांचे वडील भेटतात. १८५७ च्या बंडानंतर सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या मनाने सोवळ्याचा आश्रय घेतला आणि बाहेरून येणारा जिन्नस धुतल्यावाचून घरात येईनासा झाला. आता हा सर्व धुण्याचा व्याप कोणाच्या कमरेवर पडला? घरातील बायकांच्या. लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत, हकीकत सांगतात. आणि आपण हसत असताना मध्येच थांबतो. पुढे टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दुराव्यानंतर त्या पुन्हा पतीबरोबर राहू लागल्या, तरी काही काळ त्यांचे पाणी आणि त्यांची चूल निराळीच. वडिलांच्या ज्या सोवळ्याने बालपण गांजले, तेच सोवळे त्यांनी स्वतःच्या संसारात कवटाळले होते. ते गळून पडले, मग १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराची चर्चा करणारे टीकाकार चर्चमध्ये रमतात. माझ्या मते त्या ग्रंथातील खरे धर्मांतर पाण्याच्या भांड्यापाशी झाले आहे. वडिलांचे सोवळे आणि स्वतःचे सोवळे यांच्यामधली रेघ लक्ष्मीबाईंनी ओढलेली नाही. ती वाचकावर सोपविली आहे, आणि हा त्यांचा मोठेपणा.

बहिणाबाई चौधरींच्या ओवीतील तवा आणि चटका सर्वांच्या तोंडी आहे. त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. इतकेच म्हणतो, की लग्नपत्रिकेवर तो चटका छापण्याची जी प्रथा पडली आहे, ती छापणाऱ्यांनी ते गाणे पुन्हा वाचलेले बरे.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले, आणि त्यात चूल पेटण्याचाच प्रश्न आहे. आठनऊ वर्षांची सून अपरात्री उठून दळते, भाकऱ्या थापते. त्या जमल्या नाहीत तर सासू त्या शेजारणींना दाखवीत बसते. महार समाजावरील अन्याय सांगत असतानाच त्या समाजाच्या उंबरठ्याआत सुनेवर काय गुजरत होते, हे लेखिका लपवीत नाही. हे धैर्य मला सर्वांत मोठे वाटते.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाविषयी आपल्यासारख्या वाचकांना विशेष आस्था वाटावी. हे गृहस्थ केंद्र सरकारच्या माहिती सेवेत होते, म्हणजे आपल्यातलेच. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या पाककृती त्यांनी दिल्या आहेत: वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रानभाज्या, तूप-दुधावाचूनचे कालवण. नावातच त्यांनी पंगतीच्या श्लोकातील 'पूर्ण' शब्दाला हात घातला आहे. संतवाङ्मयातील अन्नाच्या उच्चनीचतेचा ते जो समाचार घेतात, तो कोठे कोठे घाईचा वाटतो. मांडणीही सैल आहे. तरीही पाककृतीच्या पुस्तकाला कर्ता मिळाला तो येथे. हा पदार्थ कोणी, कोणत्या अवस्थेत, काय नव्हते म्हणून केला, हे प्रत्येक ठिकाणी कळते. 'रुचिरे'त 'साहित्य' म्हणजे घरात आहेच असे मानलेले असते; येथे ते मिळविण्याचीच कथा आहे.

परप्रांतातील एक कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. तमिळ लेखिका अंबै यांची स्वयंपाकघरावरील कथा मी इंग्रजी भाषांतरात वाचली. राजस्थानातील एका मोठ्या घरात दक्षिणेकडील सून येते आणि कोपऱ्यातल्या अंधाऱ्या स्वयंपाकघराबाहेरचा व्हरांडा वाढविण्याची सूचना करते; तेथून डोंगर दिसतात. सासरे वाद घालीत नाहीत. थोड्याच दिवसांत तेथे कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या येतात, आणि डोंगर झाकले जातात. आमच्या सरकारी वसाहतीतील स्वयंपाकघराची खिडकीही मागच्या जिन्याकडे उघडते. नकाशा कोणी काढला असेल तो असो. तो तेथे उभा राहून भांडी घासणारा नव्हता, एवढे निश्चित.

आपल्या अंकांतून 'आईच्या हातची पुरणपोळी' या जातीचे लेख नेहमी येतात. दोन वर्षांपूर्वी मीही एक लिहिला होता. चुलीचा धूर, पितळी परात, ताटाभोवतीची रांगोळी, सर्व काही त्यात होते. अंक आईला पाठविला. तिने तो दोनदा वाचला, असे फोनवर सांगितले, मग म्हणाली, "छान लिहिलंयस. पण त्या दिवशी मी जेवले केव्हा, ते नाही आलं त्यात." मी विचारले, केव्हा जेवलीस? तिलाही आठवेना.

सूचीचे काम गेल्या आठवड्यात संपले. 'रुचिरा', 'जिणं आमुचं', 'स्मृतिचित्रे' आणि 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ही चार पुस्तके मी एकाच फळीवर, डोळ्यांच्या उंचीला लावली आहेत. त्या फळीला काय नाव द्यावे हे न सुचल्याने सूचीतील तो रकाना कोरा आहे. ज्येष्ठ सभासदांनी अद्याप ते पाहिलेले नाही.