प्रेरणेचा प्रश्न : इच्छेचा की व्यवस्थेचा?

महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षात एक निदान वर्षानुवर्षे चालत आले आहे : 'या पोरांना शिकायचेच नाही.' मावळात ते जरा जास्तच ऐकू येते. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ इथून येणारा विद्यार्थी सोमवारी वर्गात नसतो. असला तर मागच्या बाकावर डुलक्या घेतो. उद्बोधन वर्ग करून आलेले आम्ही मास्तर त्याला 'प्रेरणेचा अभाव' असे भारदस्त नाव देतो. या शब्दामागे काय दडले आहे, ते साहित्याच्या आणि अनुभवाच्या अंगाने तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठीतला सर्वांत गाजलेला महाविद्यालयीन विद्यार्थी म्हणजे 'कोसला'चा (1963) पांडुरंग सांगवीकर. वडिलांच्या पैशावर तो पुण्यात शिकतो, शिक्षणाला विटतो, नापास होतो आणि गावी परततो. शिक्षणातला फोलपणा भालचंद्र नेमाड्यांनी ज्या धारेने दाखवला, तिचे मोल मी नाकारीत नाही. पण पांडुरंगाला परतायला घर आहे, शेती आहे. विटणे त्याला परवडते. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'मधला (1979) पोरका मुलगा बहिणीच्या आसऱ्याने, पडेल ते काम करीत शिकतो. विटण्याची चैन त्याच्या वाट्याला येत नाही. प्रस्थापित समीक्षेने पांडुरंगाच्या कंटाळ्यात अस्तित्वाचे प्रश्न पाहिले. आमच्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या कंटाळ्याला मात्र आळस म्हटले जाते. हा भेद वाङ्मयीन नाही. तो सामाजिक आहे.

इथे आपल्या चळवळीलाही प्रश्न विचारावा लागेल. जयंतीनिमित्त आपण अठरा-अठरा तास सलग अभ्यासाचे उपक्रम घेतो. त्यामागचा आदर खरा आहे. पण वर्षभर त्याचीच छडी होते : 'बाबासाहेब एवढ्या हलाखीत शिकले, तुला काय धाड भरली?' हे सांगताना इतिहासाचा निम्मा भाग गाळला जातो. 1913 साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि परतल्यावर त्यांनी समाजाला नुसती जिद्दीची प्रवचने दिली नाहीत. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले, 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. इच्छाशक्ती पुरेशी असती, तर त्यांना वसतिगृहे कशाला लागली असती? आपली आत्मकथने आपण जिद्दीच्या गोष्टी म्हणून वाचून दाखवू लागलो, की ती व्यवस्थेवरचे आरोपपत्र राहात नाहीत. गरिबाच्याच पाठीवर मारायची काठी होतात.

आता प्रशिक्षणात मिळणारे शास्त्र पाहू. तिथे प्रेरणेचे दोन कप्पे पाडून दाखवतात. ज्ञानाच्या गोडीने शिकतो तो आंतरिक प्रेरणेचा, नोकरीसाठी शिकतो तो बाह्य प्रेरणेचा. पहिला श्रेष्ठ, दुसरा कनिष्ठ. हा नवा वर्णभेदच झाला! ज्यांच्या नावाने हे सांगितले जाते त्या डेसी आणि रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे म्हणणेही इतके सोपे नाही. बाहेरून आलेले उद्दिष्टही माणूस स्वतःचे म्हणून स्वीकारू शकतो, असे ते मानतात. आणि त्यासाठी तीन गोष्टी लागतात : आपला निर्णय आपण घेतो ही जाणीव, आपल्याला जमते हा अनुभव, आणि इथे आपले कोणी आहे हा विश्वास. आईची धुणीभांडी सुटावीत म्हणून शिकणाऱ्या मुलीची प्रेरणा 'बाह्य' कशी म्हणायची? कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू असलेल्या जॉन ड्यूईंनी 1913 सालीच गोडी आणि कष्ट यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे चूक ठरवले होते. समोरच्या कामाशी स्वतःचे नाते दिसले, की माणूस गोडीने कष्ट करतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार.

हे सारे मी पुस्तकातून नंतर शिकलो. आधी एका विद्यार्थ्याने शिकवले. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळा पर्यटकांनी फुगते. आमची मुले कणसांच्या गाड्यांवर, बंगल्यांवर, हॉटेलांच्या मोऱ्यांवर राबतात. सोमवारी झोपलेल्या एकाला मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तुला शिकायची इच्छाच नाही." तो उभा राहिला. म्हणाला, "सर, दोन दिवस ताटं धुतोय. रात्री दोनला सुटलो. इच्छा काय डोळ्यांत असती का?" पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. निरोप धाडला, तेव्हा कळले की त्याने कायमचे काम धरले. मीही माझ्या घरातला पहिलाच पदवीधर. तरी त्या दिवशी माझ्या तोंडून प्राध्यापक-कक्षच बोलला. ती चूक माझी होती.

त्यानंतर मी एक केले. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून वर्गाला कार्ल्याच्या लेण्यात नेले. ज्या डोंगराखालून मुले रोज जातात, तिथल्या चैत्यावर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. धेनुकाकटचा सामि नावाचा सुतार आहे, सिंहदत्त नावाचा गंधिक आहे, यवनही आहेत. एका मुलीने विचारले, "सर, सुताराचं नाव दगडावर कोरलंय, मग आमच्या इतिहासाच्या पुस्तकात का नाही?" त्या प्रश्नावर दोन तासिका गेल्या. मागचा बाक जागा होता. सगळी मुले सुधारली असा दावा मी करीत नाही. हजेरीपटात फार फरक पडला नाही. पण जी येत होती ती विचारू लागली.

तेव्हा प्रश्न दोन पातळ्यांवर लढवावा लागेल. राबणाऱ्या विद्यार्थ्याच्या वेळा पाहून वेळापत्रक बसवणे, शिष्यवृत्ती वर्ष सरायच्या आत हाती पडावी म्हणून संघटितपणे भांडणे, वसतिगृह मागणे, ही पहिली पातळी. वर्गात त्याचे जगणे अभ्यासाचा विषय करणे, ही दुसरी. पहिलीवाचून दुसरी म्हणजे करमणूक, आणि दुसरीवाचून पहिली म्हणजे नुसती उपस्थिती.

बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले, परिसराला नागसेनाचे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. नागसेनाने त्याला 'तुला जाणून घ्यायची इच्छा नाही' असे म्हणून परत पाठवले नाही; उत्तरे दिली. आमच्या मागच्या बाकावरचा मिलिंदही प्रश्न विचारून गेला आहे. त्याला उत्तर देणे अजून बाकी आहे.