तळहातावरचे पोट

गडहिंग्लजला काळभैरीच्या यात्रेत, आठवडी बाजारात, एखाद्या दुकानात एक रंगीत तक्ता विकायला असतो. तळहात आणि तळपाय यांची चित्रे, त्यांवर आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे एकेका अवयवाचे नाव. सोबत एक लाकडी रूळ आणि छोटी पुस्तिका. घरात कोणी काय लावावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तालुक्यातल्या एका शाळेत हा तक्ता प्रथमोपचाराच्या पेटीवरच लावलेला दिसला, तेव्हा पुस्तिका नीट वाचून काढली.

पुस्तिकेत सर्वांत जास्त जागा पोटाने व्यापली आहे. अपचन, गॅस, मुरडा, जुलाब, बद्धकोष्ठ, सगळ्यांवर तळहाताचे ठरावीक बिंदू दाबायचे. जो बिंदू दुखेल त्याचा अवयव बिघडलेला समजायचा. आणि हे सारे म्हणे पाच हजार वर्षांचे चिनी शास्त्र.

आधी हे चिनीपण पाहू. चिनी वैद्यकाचा पायाभूत मानला जाणारा ह्वांगदी नेइजिंग हा ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आला. मावांगद्वी येथे इ. स. पूर्व 168 मधल्या थडग्यात सापडलेल्या हस्तलिखितांत शरीरातल्या वाहिन्यांचे वर्णन आहे. सुया टोचण्याचे बिंदू नाहीत. म्हणजे पाच हजारांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे पदरची घातलेली. नकाशाचे मूळ तर आणखी अलीकडचे. विल्यम फिट्झगेराल्ड या अमेरिकन कान-नाक-घसातज्ज्ञाने शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. त्यावरचे त्याचे पुस्तक 1917 साली निघाले. 1930 नंतर युनिस इंगहॅम या बाईंनी तळपायावर अवयवांची जागावाटणी केली. आपल्या भिंतीवरचा तक्ता या घराण्यातला आहे. चिनी सुईवाला वैद्य पोटासाठी प्रामुख्याने गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे, नडगीच्या बाहेरच्या अंगाला जागा शोधतो. तिला त्सूसान्ली म्हणतात. मळमळीसाठी मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन शिरांच्या मधली जागा. तिचे नाव नेइग्वान.

पुस्तिकेने डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचेही नाव घेतले आहे. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर हे दोघे मराठी होते. कोटणीस तिथे शल्यचिकित्सक म्हणून राबले आणि 1942 साली तिथेच वारले. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, 1958-59 च्या सुमारास चीनमध्ये शिकून. कोटणीसांचे मोठेपण रणांगणावरच्या शस्त्रक्रियांत आहे. त्याला तळहाताच्या तक्त्याची जोड नको.

मूळ चिनी उपचाराचे काय? त्याचा विचार करायला एक फार चांगले उदाहरण आहे. जुलै 1971 मध्ये जेम्स रेस्टन हा न्यूयॉर्क टाइम्सचा पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्याचे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजले. चिनी डॉक्टरांनी ते नेहमीच्या पद्धतीने, भुलीचे इंजेक्शन देऊन, कापून काढले. दुसऱ्या रात्री पोट फुगून तो अस्वस्थ झाला. तेव्हा सुईवैद्याने उजव्या कोपरावर आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, जळत्या औषधी काड्या पोटाजवळ धरल्या. तासाभरात वायूचा ताण उतरला. रेस्टनने हे प्रामाणिकपणे लिहिले आणि पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरची लाट आली. पुढे अनेकांनी तर शस्त्रक्रियाच सुया टोचून केली असे सांगायला सुरुवात केली!

वर्गात हा प्रसंग सांगावा आणि विचारावे : सुया टोचल्या नसत्या तर? पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल मंदावते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप पूर्ववत होते. रेस्टनला आराम पडला तो नेमक्या याच वेळी. सुयांनी काही केले नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. केले, असेही होत नाही. मात्र सुजलेल्या आंत्रपुच्छावर त्या चिनी डॉक्टरांनीही सुई न चालवता सुरीच चालवली, ही गोष्ट पुस्तिका लिहिणाऱ्याने वाचायला हवी होती.

पोटाच्या बहुतेक तक्रारी आपणहून बऱ्या होतात. म्हणून या क्षेत्रात कोणताही उपचार सहज यशस्वी ठरतो : ओवा, अंगारा, बेंबी चोळणे, तळहात दाबणे. खरा निकाल तुलनेनेच लागतो. त्यासाठी संशोधकांनी खोटी सुई बनवली आहे. नाटकातल्या कट्यारीसारखी ती टोचताना मुठीत सरकते. रुग्णाला टोचल्यासारखेच वाटते. काही चाचण्यांत ही सुई वापरतात, काहींत भलत्याच जागी टोचतात. आतड्याच्या चिवट विकारावर, ज्यात कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होते, अशा तुलना झाल्या. 2012 च्या कोक्रेन आढाव्यात खऱ्या सुया खोट्यांहून सरस ठरल्या नाहीत. मनगटावरच्या नेइग्वानचे वेगळे दिसते. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ-उलटीवर 2015 च्या आढाव्यात 59 चाचण्या पाहिल्या गेल्या आणि खोट्या उपचाराच्या मानाने फरक आढळला, जरी पुराव्याचा दर्जा फारसा चांगला नव्हता. चिनी म्हणून मानू नये आणि चिनी म्हणून हसूही नये, तो यासाठी.

औषधी मुळ्यांची कथा अधिक रंजक आहे. चीनमध्ये जुलाबावर ह्वांगल्येन नावाची कडू पिवळी मुळी देतात. तिच्यातला पिवळा पदार्थ बर्बेरीन. हाच पदार्थ आपल्या दारुहळदीत असतो आणि आयुर्वेदही ती अतिसारावर वापरतो. दोन देशांचे वैद्य वेगवेगळ्या वनस्पतींतून एकाच रसायनापाशी पोहोचले. 1987 साली बांगलादेशातली चाचणी प्रसिद्ध झाली. एका प्रकारच्या ई. कोलाय जंतूच्या जुलाबात बर्बेरीनने मलाचे प्रमाण घटले. पटकीत मात्र परिणाम अगदी किरकोळ. मुळी म्हणजे निरुपद्रवी, असेही नाही. नवजात बाळांची कावीळ बिघडते म्हणून सिंगापूरने 1978 साली या औषधावर बंदी घातली होती, ती पुढे उठवली. आपल्या आजरा-चंदगडच्या रानातल्या कुड्याच्या सालीलाही अशीच जुनी ख्याती आहे आणि तिनेही हीच परीक्षा द्यावी.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी आता स्वतंत्र कायदा आहे, असेही पुस्तिकेचे समर्थक सांगतात. खरे आहे. पण तो कायदा व्यवसाय कोणी करावा हे ठरवतो. जुलाब थांबतात की नाही हे विधिमंडळाला ठरवता येत नाही.

आता तक्त्याची जागा. मृगाचा पाऊस लागला, हिरण्यकेशीला गढूळ लोंढा आला की घरोघरी जुलाब-उलट्या सुरू होतात. लहान मुलाला यात मारते ते शरीरातून जाणारे पाणी आणि क्षार. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे सलाईन संपल्यावर मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आले. तळहाताचे बिंदू दाबत बसलेला अर्धा दिवस या हिशेबात जमा धरावा लागतो. उजव्या बाजूला खाली दुखणारे पोट असेल तर तो अधिकच महाग पडतो.

तक्ता उतरवण्यापूर्वी त्याचा एक उपयोग करून घ्या. एका मुलाचा तळहात दोघांनी, एकमेकांना न दाखवता, पेन्सिलीच्या बोथट टोकाने दाबून पाहावा आणि दुखऱ्या जागा आपापल्या कागदावर नोंदवाव्यात. तासाभराने पुन्हा. चारही नोंदी शेजारी ठेवा आणि कोणते अवयव "बिघडले" ते मुलांनाच वाचायला सांगा. जोर थोडा वाढवून काय होते तेही पाहा.

मग त्या जागी जलसंजीवनीची कृती लावा : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पेटीत तयार पुड्या असतील तर त्याच आधी वापराव्यात. मुलाचे डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश परतू लागली किंवा शौचातून रक्त पडले, तर पाजत पाजतच दवाखाना गाठायचा. घरी केलेले पाणी पाजण्यापूर्वी चाखून पाहावे. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे आणि नवे करावे.