तीन फूट उंचीचा पोटमाळा

लांबी ९ फूट, रुंदी ७ फूट. उंची, जिथं सगळ्यात जास्त तिथं, ३ फूट. पुढं छप्पर उतरत जाऊन फळ्यांना टेकलेलं. हॅरिएट जेकब्जनं आपल्या लपण्याच्या जागेची आधी ही मापं दिली आहेत. काळोख, कोंदट हवा, अंथरुणावरून धावणारे उंदीर यांची पाळी नंतर. ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ दुसऱ्यांदा वाचताना मी या मापांपाशी अडले आणि घरातल्या फरशीवर खडूनं चौकोन आखून त्यात आडवी झाले. मग कळलं, ती काय सांगते आहे. एका कुशीवर झोप लागते. कूस बदलायला जावं तर छप्पर आड येतं. आजीच्या घराला लागून असलेल्या पडवीवरच्या या पोटमाळ्यात ती जवळजवळ ७ वर्षं राहिली.

नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन गावी १८१३ साली ती जन्मली. आई गुलाम, म्हणून तीही गुलाम. तिला वाचायला शिकवणाऱ्या मालकिणीनं मृत्युपत्रात तिला आपल्या चिमुकल्या भाचीच्या नावे केलं. त्या भाचीचा बाप, पुस्तकातला डॉ. फ्लिंट, याच्यापासूनच ती पुढं लपली. तो हॅरिएटच्या कानाशी लागून जे बोलायचा ते शब्द ती वाचकाला ऐकवत नाही. ते शब्द घाणेरडे होते, एवढं सांगून ती थांबते. तिच्या या थांबण्यानंच अंगावर काटा येतो.

गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या १८४५ सालच्या आत्मकथनात पहिल्याच प्रकरणात मावशीच्या पाठीवर कोरडे ओढले जातात. आपण डोळे मिटून घेतो. जेकब्जची वाट वेगळी आहे. पोटमाळ्याच्या प्रकरणात मापं सांगून झाली की ती प्रामाणिकपणे कबुली देते: मला कामानं पिळून काढलं नाही, डोक्यापासून पायापर्यंत चाबकानं सोललं नाही, कुशीवर वळता येऊ नये इतकं कधी मारलं नाही. हे वाचून मी पान उलटून मागं गेले. कुशीवर वळता येत नाही, हे तिनं नुकतंच तर सांगितलं होतं! मारानं जे झालं नव्हतं ते तिनं आपणहून पत्करलं होतं. आणि तरी, गुलाम म्हणून जगण्यापेक्षा हे बरं, असं ती म्हणते. गुलामगिरीवर याहून जबर आरोप मी कुठं वाचलेला नाही.

अंधारात एकदा तिचं डोकं कशावर तरी आपटतं. ते गिरमिट असतं. चोरदार बसवताना मामा ते तिथंच विसरलेला असतो. ती भोकांच्या तीन ओळी पाडते, मधलं लाकूड कोरून काढते. इंचभर लांब, इंचभर रुंद झरोका होतो. आपली मुलं दिसावीत म्हणून डोळा लावते, तर रस्त्यावर पहिला दिसतो तो फ्लिंट. मुलं नंतर दिसतात, त्यांची हसरी तोंडं दिसतात. पण हाक मारता येत नाही. पुढं ती निघून जाण्याच्या बेतात असताना मुलगा कबूल करतो, की वळचणीखाली उभा असताना त्यानं वर कुणाचा तरी खोकला ऐकला होता आणि ती आईच असावी, असं त्याला वाटलं होतं. तेव्हापासून बहीण इतर पोरांबरोबर त्या बाजूला खेळताना दिसली, की तो तिला गोडीगुलाबीनं घराच्या दुसऱ्या बाजूला नेत असे. त्या लेकरानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. 

१८४२ साली ती उत्तरेत निसटली. पुस्तक १८६१ साली बॉस्टनला छापलं गेलं, लिंडा ब्रेंट या टोपणनावाआड. संपादन लिडिया मारिया चाइल्ड यांचं. त्यामुळे कित्येक वर्षं अभ्यासक ती चाइल्डबाईंचीच कादंबरी समजत होते. एका गुलाम बाईला इतकं नेटकं लिहिता येईल, हे पटायला तयार कोण होतं? जीन फेगन येलिन यांनी पत्रं आणि दस्तऐवज धुंडाळून १९८०च्या दशकात हे सारं जेकब्जचंच असल्याचं सिद्ध केलं. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. त्यानं जेकब्जही वाचायला हवी.

एक आकडा या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो. आजीनं रात्री जागून, बिस्किटं भाजून ३०० डॉलर साठवले. आजीच्या मालकिणीनं ते उसने घेतले. ती वारल्यावर फ्लिंट म्हणाला, तिची इस्टेट दिवाळखोर आहे, कायदा देणं फेडू देत नाही. त्या पैशांतून घेतलेली चांदीची मेणबत्तीदाणी मात्र त्यानं ठेवून घेतली. १८५२ साली न्यूयॉर्कमधल्या एका मैत्रिणीनं हॅरिएटची सुटका विकत घेतली, तीही ३०० डॉलरलाच. ते त्या भाचीच्या नवऱ्याला पोचले. आजीला तिचे परत मिळाले नाहीत.