वनविषयक साहाय्यक सेवांतील डिजिटल तंत्रज्ञान : जुन्नर वनविभागाच्या संदर्भात एक चिकित्सा

तंत्रज्ञानाचा स्वीकार हाच आता शासकीय कार्यक्षमतेचा निकष मानला जातो. वनखातेही त्यास अपवाद नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांच्या जुन्नर वनविभागातील अनुभवाच्या आधारे या स्वीकाराची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपग्रहाच्या साहाय्याने वणव्याची सूचना देण्याची भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची व्यवस्था 2004 पासून सुरू आहे. वनोपजाच्या वाहतुकीचा ऑनलाइन परवाना 2023 च्या अखेरीस देशपातळीवर आला. यांची उपयुक्तता मान्य करण्यास अडचण नाही; निदान परवान्यासाठीचे हेलपाटे तरी वाचावेत. खरा प्रश्न बिबट्याच्या बाबतीत उभा राहतो, कारण तेथे माणसाचा जीव पणाला लागलेला असतो.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आला. शिनोलीपासून जवळच असलेले डिंभे धरण याच प्रकल्पातील होय. उसात बिबट्याची मादी पिल्ले वाढवते आणि ती पिल्ले तेथेच मोठी होतात. त्यांच्या दृष्टीने ऊस हेच रान. 2001 ते 2003 या काळात बिबटे पकडून दूर सोडण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबिला गेला. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यानंतर माणसांवरील हल्ल्यांचे वार्षिक प्रमाण सुमारे 4 वरून 17 वर गेले. उपाय म्हणून जे केले, त्यानेच संकट वाढले.

पुढे 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ या बिबट्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. तो सुमारे 120 कि.मी. चालत मुंबईपर्यंत गेला. येथे उपकरण एका निश्चित प्रश्नासाठी वापरले गेले होते : सोडलेला प्राणी सोडल्या जागी राहतो काय? उत्तर नकारार्थी आले आणि पिंजऱ्याच्या धोरणातील मूळ गृहीतच डळमळीत झाले. तंत्रज्ञानाचा सार्थ उपयोग तो हा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याउलट, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे व भोंगे अलीकडे गावोगावी बसविले जात आहेत, त्यांच्यामागे कोणता प्रश्न आहे? बिबट्या आला, एवढेच ते सांगतात. परंतु जो उसातच राहतो, त्याचे ‘येणे’ ही बातमी कशी ठरावी? वारंवार वाजणाऱ्या भोंग्याकडे माणूस हळूहळू दुर्लक्ष करू लागतो, हेही विसरता येत नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बालकांचे बळी गेल्यानंतर पिंजरे व यंत्रे वाढविण्याची मागणी झाली. ती मागणी करणाऱ्यांच्या दुःखाचा अनादर करण्याचा येथे हेतू नाही. मात्र कृषिपंपाला रात्री वीज मिळते म्हणून शेतकरी रात्री पाणी भरावयास जातो आणि सूचना मोबाईलवर येते तेव्हा त्याच्या हाती खोरे असते. दिवसा वीज मिळणे हा केवळ महावितरणच्या अखत्यारीतील विषय आणि यंत्रखरेदी तेवढी वनखात्याची, असे मानणे ही कप्पेबंद विचारपद्धती होय.

तेव्हा नवीन खरेदीपूर्वी एक साधे काम व्हावे. आजवरच्या प्रत्येक हल्ल्याची वेळ, शेतातील पीक, उसाची वाढ व माणूस त्या क्षणी काय करीत होता, ही नोंद संगणकावर घ्यावी, ती त्या फीडरच्या वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी आणि निष्कर्ष प्रथम ग्रामसभेपुढे ठेवावेत.