छापा, वही आणि काच : समकालीन चित्रकलेतील साधनविचार

समकालीन चित्रकलेतील नावीन्याची चर्चा आपल्याकडे बहुधा आशयाच्या अंगाने होते. चित्रकाराने कोणता विषय निवडला, त्यात समाजभान किती, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. साधन हा तांत्रिक तपशील मानून तो कलाशाळेवर सोपविला जातो. प्रस्तुत लेखात साधनाकडून आशयाकडे जाण्याचा प्रयत्न केला आहे.

रस्त्यावरील स्टेन्सिलचित्र या दृष्टीने उद्बोधक ठरते. पॅरिसमध्ये १९८१ पासून ‘ब्लेक ल रा’ या नावाने भिंतींवर उंदीर उमटू लागले. पुढे ब्रिस्टलच्या बँक्सीने हेच तंत्र स्वीकारले, ते मुख्यतः वेगासाठी. छापा घरी सावकाश कापायचा आणि रस्त्यावर काही मिनिटांत फवारून निघून जायचे. मात्र छाप्याचे स्वतःचे नियम आहेत. काळ्या आकारातील पांढरे बेट अधांतरी राहू शकत नाही. त्याला पट्टीच्या पुलाने कडेशी जोडावे लागते. मधल्या छटांनाही फारसा वाव नसतो. त्यामुळे काय ठेवायचे व काय गाळायचे, याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. या चित्रांतील ठामपणा ही केवळ वृत्ती नव्हे. ती छाप्याची सक्तीही होय.

तथापि छापा हे अर्धेच चित्र असते, उरलेले अर्धे भिंतीचे. २०१२ मध्ये उत्तर लंडनमधील वूड ग्रीन येथे, एका स्वस्त मालाच्या दुकानाच्या भिंतीवर, शिवणयंत्रावर ब्रिटिश ध्वजांच्या पताका शिवणारे मूल बँक्सीने रेखाटले. ते वर्ष राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचे होते. पताका कोठे विकल्या जातात आणि त्या कोण शिवते, हे दोन्ही प्रश्न त्या भिंतीने एकत्र आणले होते. २०१३ मध्ये भिंतीचा तो भाग कापून नेण्यात आला. तो प्रथम मायामीच्या लिलावात झळकला, स्थानिकांच्या विरोधानंतर तेथून मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये विकला गेला. दुकान गेले, तसा आरोपही गेला. उरले एक करुण मूल. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी लिलावाचा हातोडा पडताच बँक्सीचे फुगेवाल्या मुलीचे चित्र चौकटीतील यंत्राने अर्धे कातरले गेले. त्याची कीर्ती मोठी झाली. परंतु माझ्या मते ती कृती वूड ग्रीनच्या भिंतीपेक्षा दुबळी आहे. ती लिलावगृहाची थट्टा करते, पण लिलावगृहातच राहते. २०२१ मध्ये तेच कातरलेले चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीस विकले गेले, हे या थट्टेवरील पुरेसे भाष्य आहे.

वहीचे शास्त्र निराळे. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या पुस्तकाचा उल्लेख आपण करतो, पण त्यांच्या दैनंदिन्यांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात या वह्याही मांडल्या होत्या. एनॅमल रंगाच्या सपाट, शांत पृष्ठभागावर ज्या वस्तू परस्परांपासून अंतर राखून स्थिरावतात, त्या वहीत शब्दांच्या शेजारी अजून चाचपडत असतात. तेथे लेखन संपून रेखाटन कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते. वही ही येथे चित्राची पूर्वतयारी नसून विचाराची जागा आहे.

वहीच्या पानावर रेषांचा क्रम मात्र लपून राहतो. डेव्हिड हॉकनी यांनी आयफोनवर व २०१० पासून आयपॅडवर ज्या ‘ब्रशेस’ प्रणालीत चित्रे काढली, ती प्रत्येक फटकारा नोंदवून ठेवी. चित्र पहिल्या रेषेपासून पुन्हा उमटताना पाहता येई. चित्रकाराने झाकलेली रेषाही त्यात दिसते. चित्र ही वस्तू न राहता कालावधी होते, एवढी ही नवी गोष्ट आहे. परंतु ईस्ट यॉर्कशायरमधील वोल्डगेटच्या वसंतागमनाची २०११ मधील आयपॅड-चित्रे २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली, ती कागदावर मोठी करून छापलेली. काचेमागचा प्रकाश तेथे नव्हता, आणि बोटाच्या टोकाएवढा फटकारा हातभर झाला होता.